तुम्ही विचारलंत म्हणून: ते निघून का नाही गेले?

पोर्तुगालच्या ज्यूंवर कुठेही बोलले की शेवटी हा प्रश्न ठरलेला. "एवढा धर्म प्यारा होता, तर देश सोडून का नाही गेले?" विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नको असतं, निकाल देऊन झालेला असतो. तेवढ्यात चहा येतो आणि माझं राहून जातं.

तर ऐका. त्यातले कित्येक एकदा निघालेलेच होते. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं तेव्हा, सरहद्दीवर माणशी ८ क्रुझादो (सोन्याची नाणी) मोजून ते पोर्तुगालात शिरले होते. चार-साडेचार वर्षांत पुन्हा तेच. राजा मानुएलला स्पेनची राजकन्या करायची होती आणि मुलीकडची अट होती, आधी ज्यू घालवा. डिसेंबर १४९६ मध्ये हुकूम निघाला: पुढच्या ऑक्टोबरपर्यंत चालते व्हा. पण वैद्य, सावकार, कारागीर हातचे घालवायलाही राजा तयार नव्हता.

म्हणून १४९७ च्या ईस्टरच्या सुमारास त्याने मुलांना हात घातला. चौदा वर्षांखालची मुलं आईबापांकडून काढून घ्यायची, बाप्तिस्मा द्यायचा आणि ख्रिस्ती घरांत वाढवायची. मानुएलची बखर लिहिणारा दामियांव द गोइश सांगतो की काही आईबापांनी पोरं विहिरीत, नदीत टाकली, पण दिली नाहीत. काही ख्रिश्चन शेजाऱ्यांनी दया येऊन मुलं लपवली, हेही तोच सांगतो. बिशप फर्नांदु कोतिन्यु याने पुढे लिहून ठेवलं की लोकांना केसांना धरून फरफटत नेताना त्याने पाहिलं. एक बाप दुःखाने डोकं झाकून मुलाला घेऊन आला होता. आम्हाला मोशेच्या, म्हणजे ज्यू, धर्मातच मरायचंय, असं देवाला साक्षी ठेवून ओरडत होता. या बिशपाने सक्तीला विरोध केला होता. कोणी ऐकलं नाही.

देश सोडण्याचा हुकूम मुसलमानांनाही होता, पण त्यांची मुलं काढून घेतली नाहीत. कारण गोइशच देतो: मुसलमानांची राज्यं आहेत, ती तिथल्या ख्रिश्चनांवर सूड उगवतील, ज्यूंना राज्यच नाही. इतका उघड हिशेब मी दुसऱ्या कुठल्या बखरीत वाचलेला नाही.

उरलेल्यांना जहाजं मिळतील म्हणून लिस्बनला बोलावलं. बखरकार वीस हजारांचा आकडा देतात. एश्ताउश वाड्यात अन्नपाण्यावाचून कोंडलं आणि बाप्तिस्मे उरकले. पुढे त्याच वाड्यात इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचं, कार्यालय आलं. आज तिथं राष्ट्रीय नाट्यगृह आहे, रोसिओ चौकात. आपली मंडळी समोर फोटो काढतात. आता सांगा, कुठून जायचं होतं त्यांनी?

पूर्वी मी इथे थांबत नसे. "बाहेरून ख्रिस्ती झाले, आतून ज्यूच राहिले" असं म्हणायचे आणि टाळ्या घ्यायचे. ते वाक्य आता घशात अडकतं, कारण इन्क्विझिशनचा आरोप हाच होता. शनिवारी, ज्यूंच्या पवित्र वारी, धुतलेला सदरा घातला, डुक्कर टाळलं, की झाला संशय सुरू. ज्यांची नातवंडं खरोखरच ख्रिस्ती झाली, त्यांना माझ्या त्या गोष्टीत जागाच नव्हती. पण मग पोर्तुगालमधलं बेल्मोंत गाव आठवतं. तिथल्या बायकांनी चारशे वर्षं घरातल्या घरात प्रार्थना जपल्या आणि १९१७ मध्ये पोलंडच्या एका ज्यू अभियंत्याला त्या सापडल्या. म्हणजे तेव्हाची मी अगदीच खोटं बोलत नव्हते.

आणि जे निघून गेले त्यांचं? पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता घ्या. त्याचे आईबाप स्पेनमधून आलेले ज्यू. तो १५३४ मध्ये गोव्याला आला, आपलं मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं, औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. १५६८ मध्ये तो वारला. दुसऱ्या वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गोव्यात जाळलं. १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. घरच्यांच्या जबान्या सांगतात की तो मोशेचाच धर्म खरा मानायचा. त्या जबान्या कोठडीतल्या. ग्रंथात ख्रिस्ती माणूस बोलतो. तो ग्रंथ इन्क्विझिशनच्या राज्यात छापलेला. मी दोन्ही वाचते आणि ओर्ता कोण होता ते मला सांगता येत नाही. तुम्हाला येत असेल तर चहा थोडा थांबवू.