समोरचा काय विचारणार?

निशी-कासाईत नव्यानं आलेल्या आपल्या मंडळींना मी पहिल्या पायरीचं जपानी शिकवते. तोक्योच्या एदोगावा वॉर्डातलं, तोझाई लाइनवरचं हे स्टेशन. २००० सालाच्या आसपास संगणक कंपन्यांत कामाला आलेली भारतीय कुटुंबं इथे टिकली, वाढली, आणि त्यांत पुण्याचे, नाशिकचे, कोल्हापूरकडचे पुष्कळ. नोकरी करणाऱ्याचं ऑफिसात इंग्रजीवर भागतं. भागत नाही ते घरात राहणाऱ्याचं. कुठल्या वारी कुठला कचरा, शाळेतून आलेली चिठ्ठी, दारात अडकवून गेलेली कुरिअरची पावती, पोराचा ताप हे सगळं त्याच्या गळ्यात. त्यामुळे वर्गात बहुतेक वहिन्या, एखाददुसरा बायकोच्या नोकरीमागे आलेला नवरा, आणि उन्हाळ्यात नव्वद दिवसांच्या व्हिसावर आलेले सासू-सासरे. हे सासू-सासरे 'सहज बसायला' येतात आणि सगळ्यांत जास्त प्रश्न विचारतात.

पहिल्या पायरीची पुस्तकं बहुतेक एकाच ठिकाणी सुरू होतात. मी अमुक, मी भारतातून आलो, मी कंपनीत काम करतो. खरं सांगायचं तर इथल्या दुकानात मला आजवर कुणी 'तुम्ही कोण' असं विचारलेलं नाही. विचारतात ते वेगळंच. 'आतातामेमास का?' म्हणजे डबा गरम करू का. 'फुकुरो वा गोरियो देस का?' म्हणजे पिशवी हवी का. जुलै २०२० पासून प्लॅस्टिकच्या पिशवीला पैसे पडतात, म्हणून हा प्रश्न चुकत नाही. मग पॉइंट कार्ड आहे का, चॉपस्टिक घालू का. हे सगळं एका दमात, मास्कच्या आडून, आदरार्थी भाषेत. आणि ही आदरार्थी भाषा पुस्तकात येते शेवटी शेवटी. आपण काय बोलायचं ते शिकवलेलं असतं, समोरचा काय बोलणार ते नाही. पुण्यात एन-फोर (जपानी भाषेच्या परीक्षेची खालून दुसरी पातळी) काढून आलेली हुशार मुलगी काउंटरवर गप्प होते ती म्हणूनच. शिवाय त्या परीक्षेत तोंडीचा भाग मुळात नाहीच. शब्द, व्याकरण, वाचन आणि रेकॉर्डिंग ऐकून गोल काळे करणं, एवढंच. परीक्षा वाईट आहे असं नाही. पण तिच्या भरवशावर कुणाला कॉनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, पाठवू नये.

म्हणून माझ्या वर्गात फळ्यावर आधी समोरच्याचे प्रश्न येतात. जागा ठरवायची (कॉनबिनी, पोस्ट, दवाखाना, स्टेशनची खिडकी) आणि तिथला माणूस काय काय विचारू शकतो याची यादी काढायची. प्रश्न ओळखता आले पाहिजेत, बोलता नाही आले तरी चालतील. उत्तर एका शब्दाचं पुरतं. सराव घेताना मी विद्यार्थ्यांकडे पाठ करून प्रश्न विचारते, कारण फोनवर आणि मास्कमागे चेहरा वाचता येत नाही. मराठी माणसाला काही गोष्टी आयत्या मिळतात. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामामागे. 'त्सु' म्हणताना इंग्रजीवाल्यांची जीभ अडखळते. आपण चुलीतला 'चू' म्हणतो आणि मोकळे होतो.

एका जुलैतल्या सकाळी दवाखान्याचा धडा होता. कुठे दुखतं, कसं दुखतं. जपानी डॉक्टरला नुसतं 'दुखतं' पुरत नाही. डोकं झुकीझुकी करतंय की गानगान, पोटात शिकूशिकू आहे की किरीकिरी, असं तो विचारतो. ठसठस, गरगर, चुरचुर म्हणत वाढलेल्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही. चक्कर येते तेव्हा 'कुराकुरा'. मागच्या बाकावरून आप्पा म्हणाले, "आमच्यात गरगरतंय म्हणत्यात." आप्पा म्हणजे इचलकरंजीच्या वहिनींचे सासरे. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झालेले. वहिनी वर्गातल्या सगळ्यांत अबोल. प्रश्न विचारला की वहीत बघायच्या, मग माझ्याकडे, मग पुन्हा वहीत. दवाखान्याच्या पाठोपाठ ११९ चाही सराव घेतला. पोलिसांना ११०, आग आणि अँब्युलन्स, दोन्हींना ११९. तिथे पहिला प्रश्न ठरलेला असतो: काजी देस का, क्यूक्यू देस का? आग की रुग्ण? मग पत्ता. मग काय झालं. मग वय. मग फोन करणाऱ्याचं नाव आणि नंबर.

त्यानंतर बाहेरचा तास. निम्मा वर्ग माझ्याबरोबर पोस्टात, निम्मा शेजारच्या बागेत. पोस्टात एका वेळी एवढी माणसं घेऊन गेलं की खिडकीवरची बाई बिचकते. तोक्योतला जुलै म्हणजे मुंबईतला मे, वर वारा नाही. टीव्हीवर सकाळीच उष्माघाताचा इशारा येऊन गेला होता. आप्पांना मी दोनदा पाणी प्या म्हटलं. "ताई, आम्ही बिनपंख्याची गाडी हाकलीय मिरज-जतच्या उन्हात," असं म्हणून त्यांनी बाटली सुनेच्या पिशवीत टाकली. त्या कोरड्या उन्हात घाम वाळतो, इथे तो अंगावरच राहतो. पण हे एसटीच्या ड्रायव्हरला कोण सांगणार.

पोस्टात नाशिकचा एक नवरा भारतात पाठवायच्या पार्सलचा कस्टम्सचा फॉर्म भरत होता. आत लोणचं आहे की मसाला, यावर खिडकीतली बाई आणि तो यांच्यात बरंच चाललं होतं आणि मला मध्ये पडायचं नव्हतं. तेवढ्यात बागेतल्या गटातली एक मुलगी धावत आली. "सेन्सेई, आप्पा बसले ते उठंनात."

बाग रस्ता ओलांडून पलीकडे. पोचले तेव्हा आप्पा बाकाला टेकून जमिनीवर, चेहरा पांढरा, तोंडानं काहीतरी पुटपुटणं चालू. बागेच्या दाराशी एक पेयांचं व्हेंडिंग मशीन आहे. वहिनी त्याच्यासमोर उभ्या, फोन स्पीकरवर, बोट मशीनवर टेकवलेलं. फोनमधून आवाज आला, "जूशो वा दोको देस का?" पत्ता कुठला.

इथे जरा थांबून सांगायला हवं. घरून फोन केला तर पत्ता पाठ असतो. बागेतून, रस्त्यावरून केला तर आपण नेमके कुठे आहोत ते तोक्योत जन्मलेल्यालाही सांगता येत नाही, कारण बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. पत्ता चालतो तो भागाच्या आणि ठोकळ्यांच्या आकड्यांवर. म्हणून इथल्या व्हेंडिंग मशीनवर त्या जागेच्या पत्त्याची चिकटपट्टी असते. शीतपेयाच्या बाटल्यांखाली, नाणी टाकायच्या भोकाजवळ, डोळ्यांत न भरणारी. मी ती वर्गात कधीतरी ओझरती दाखवली होती, फोटोत. पत्ता अर्थातच कांजीत, म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांत. वहिनींना कांजी येत नव्हती. पण एदोगावा-कु आणि निशी-कासाई ही अक्षरं त्यांनी आल्यापासून वॉर्ड ऑफिसात, बँकेत, पाळणाघरात इतक्या फॉर्मांवर लिहिली होती की ती ओळखीची झाली होती. पुढचे आकडे साधे, आपल्या सवयीचे. त्या बोट सरकवत वाचत गेल्या. एदोगावा-कु, निशी-कासाई, चोमे (म्हणजे भागाचा आकडा), मग पुढचे आकडे. आकड्यांत एक सात होता. 'शिचि' फोनवर 'इचि'सारखा ऐकू येतो, म्हणून वर्गात मी सातला कायम 'नाना' म्हणायला लावते. त्यांनी 'नाना' म्हटलं. पलीकडच्या माणसानं पत्ता परत म्हणून दाखवला आणि वहिनींनी "हाय" म्हटलं, म्हणजे हो.

मी फोन घेतला नाही. हात पुढे गेला होता, पण पलीकडच्याला त्यांच्या आवाजाची, वेगाची सवय झाली होती. मध्येच नवा माणूस बोलायला लागला तर तो पुन्हा पहिल्यापासून विचारणार. मी आप्पांकडे वळले. त्यांना झाडाच्या सावलीत ओढलं, शर्टाची बटणं सोडली, पोरींना मशीनमधून थंड बाटल्या काढायला लावल्या आणि त्या मानेला, काखेत लावल्या. कान मात्र फोनकडे.

"दोओ शिमाशिता का?" काय झालं?

"ओतोओसान... कुराकुरा. आत्सुइ. सुवारिमाशिता." वडील, गरगरतंय, उकडतंय, बसले.

मग तो प्रश्न आला जो मी शिकवलेला नव्हता. "इशिकी वा आरिमास का?" शुद्धीवर आहेत का. वहिनींनी वहीत बघावं तसं क्षणभर मशीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मोओ इचिदो, यासाशी निहोंगो दे ओनेगाइ शिमास." पुन्हा एकदा, सोप्या जपानीत. हे वाक्य मी सगळ्यांना पहिल्या दिवशी देते. १९९५ च्या कोबेच्या भूकंपानंतर इथल्या लोकांच्या ध्यानात आलं की परदेशी माणसाला संकटात इंग्रजी पुरेल असं नाही, पण सोपं केलेलं जपानी कळू शकतं. त्यातून 'यासाशी निहोंगो'चा प्रयत्न सुरू झाला, आणि आज सरकारी कचेऱ्यांत ते दोन शब्द उच्चारले की माणूस वाक्य मोडून बोलायला लागतो. पलीकडचा माणूसही थांबला आणि सावकाश म्हणाला, "हानाशी, देकिमास का?" बोलू शकतात का?

आप्पा तेवढ्यात बाटलीच्या गारव्यानं शुद्धीत येऊन सगळ्या पोरींना मराठीत झापत होते. वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. "हाय. हानाशिमास. ताकुसान हानाशिमास."

बोलतात. खूप बोलतात. पलीकडून एक छोटा 'हा' ऐकू आला, तो हसण्याचा होता का ते मला कळलं नाही. मग वय, "रोकुजू हास्साइ", अडुसष्ट. नाव. नंबर. फोन ठेवला.

आधी आला लाल बंब. त्याच्या मागून अँब्युलन्स. जवळच्या केंद्रातली माणसं उचलायला, प्रथमोपचाराला मदत म्हणून बंबासकट येतात, हे इथे नेहमीचं आहे, पण आप्पांनी डोळे उघडून विचारलं, "आग कुठं लागलीया?" पथकातल्या एकानं गुडघ्यावर बसून रक्तदाब घेतला आणि औषधं विचारली. वहिनींनी फोनमध्ये रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो काढून ठेवलेला होता, तो दाखवला. इथून पुढे मात्र मी बोलले. भारतातल्या गोळ्यांचं नाव, किती मिलिग्रॅम, जुना आजार कुठला, हे पहिल्या पायरीचं काम नव्हे.

गाडीत घातल्यावर ती बराच वेळ हललीच नाही. वहिनींचा धीर सुटला तो तेव्हा. "ताई, निघत का नाहीत हो?" पथक एकेका इस्पितळाला फोन लावून विचारत होतं, घेता का. होकार आल्याशिवाय गाडी निघत नाही. नव्या माणसाला ही पाच-दहा मिनिटं जिवावर येतात, आणि आता मी हे वर्गात आधीच सांगते.

सलाइन लावून संध्याकाळी आप्पांना घरी सोडलं. नव्वद दिवसांच्या व्हिसावर आलेल्यांना इथला सरकारी विमा नसतो, त्यामुळे बिल पूर्ण. प्रवासविम्याचे कागद होते म्हणून निभावलं. अँब्युलन्सचे पैसे पडत नाहीत यावर आप्पांचा विश्वास बसेना. दोनदा पाकीट काढलं.

वहिनींचे यजमान ऑफिसातून इस्पितळात आले. बायकोकडून सगळं ऐकून घेतलं आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "राग मानू नका, पण तुम्हाला इतकं चांगलं येतं, तर तुम्ही का नाही बोललात?" विचारलं ते योग्यच होतं. वडील त्यांचे होते. मी मघाचं कारण सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटलं असं मला वाटलं नाही, आणि त्यांच्या जागी असते तर मलाही पटलं नसतं. वहिनी तेवढ्यात खिडकीवर आप्पांच्या जन्मतारखेचं काहीतरी सांगायला गेल्या, एकट्याच.

त्यानंतर मी धड्यांचा क्रम बदलला. ११९ आणि पत्ता पहिल्या आठवड्यात, 'इशिकी'सकट. प्रत्येकानं घराजवळच्या एका व्हेंडिंग मशीनच्या पट्टीचा फोटो काढून आणायचा आणि मोठ्यानं वाचायचा. 'मी अमुक कंपनीत काम करतो' हे गेलं मागे. आमच्या वर्गाचे पैसे ज्या कंपनीकडून येतात तिथल्या एचआरच्या बाईंना हे रुचलेलं नाही. त्यांना डिसेंबरच्या परीक्षेचे निकाल दाखवायचे असतात. त्यांनी जुना तक्ता परत मागितलाय. मी नवाच पाठवला.