पिक काउंटरचा डबा आणि डीएफएम, माझा अनुभव

पॉवरलूमवर आडवे धागे मोजायला लावायच्या पिक काउंटरसाठी नवीन प्लॅस्टिकचा डबा डिझाईन केला होता, स्क्रीनवर भारी दिसत होता, पण डायमधे म्हणजे प्लॅस्टिकच्या स्टीलच्या साच्यात पैसे घालायच्या आधी डीएफएम (डिझाईन फॉर मॅन्युफॅक्चरिंग) करायचंच म्हणजे हे बनवायला किती सोपं किती अवघड ते तपासायचं असं आधीच ठरलेलं, कारण स्टील एकदा कापलं की परत भरायचं म्हणजे वेल्डिंग आणि नुसता ताप.

सुरुवात पार्ट कमी करण्यापासून. बूथरॉइड-ड्यूहर्स्ट पद्धतीत प्रत्येक पार्टला तीन प्रश्न विचारतात, तो बाकीच्यांपेक्षा वेगळा हलतो का, मटेरियल वेगळंच लागतं का, वेगळा नसेल तर जोडणी अडते का. तिन्हीला नाही आलं की शेजारच्या पार्टमधे घालता येतो का बघायचं. आतलं ब्रॅकेट असंच डब्यात गेलं, स्क्रू 8 चे 4 झाले. सगळे स्क्रू काढून स्नॅप फिट म्हणजे प्लॅस्टिकच्या हुकनंच अडकणारं करू असं पार्टनर म्हणत होता, मी नको म्हटलं, लूमचा हादरा दिवसभर असतो आणि टॉवेलच्या शेडमधे रुई एवढी उडते की डबा सारखा उघडून साफ करावा लागतो, हुक किती टिकणार?

मग सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका डाय बनवणाऱ्या टूलरूमवाल्या काकांकडे ड्रॉइंग घेऊन बसलो. माझ्या मते खरं डीएफएम इथंच होतं, सॉफ्टवेअर नंतर. काका म्हणले, "ही भिंत सरळ उभी आहे, डायमधून निघणार कशी सांगा की." दीड डिग्री ड्राफ्ट म्हणजे भिंतीला उतार दिला, टेक्स्चरच्या बाजूला अजून जास्त. एबीएस प्लॅस्टिकची भिंत सगळीकडे अडीच एमएम, रिब म्हणजे आतून जोर देणारी कड तिच्या निम्म्या जाडीची, जाड ठेवली तर समोरच्या तोंडावर सिंक मार्क म्हणजे खळगा येतो.

सगळ्यात मोठा फायदा केबलच्या भोकात झाला. ते बाजूच्या भिंतीत होतं म्हणजे डायला स्लायडर, बाजूनं सरकणारा तुकडा, लागणार, म्हणजे खर्च आणि पुढं मेंटेनन्स. काकांनी भोक वरच्या कडेला नेऊन उघडी खाच करायला लावली, झाकण बसलं की भोक पूर्ण होतं, स्लायडर गेलाच.

मागची पट्टी मात्र मी शीटमेटलचीच ठेवली. लूमच्या फ्रेमवरची भोकं कारखान्यागणिक वेगळी असतात, लेझर कटिंगला नुसतं ड्रॉइंग बदलून काम होतं, डायमधे तसं होत नाही. फक्त भोकं बेंडपासून लांब ठेवायची, नाहीतर वाकवताना ओढली जाऊन लांबट होतात आणि बोल्ट बसत नाही.