तुम्ही विचारलंत म्हणून: ब्लॉगला वाचक कुठून येतात?

“तुमच्या ब्लॉगला एवढे वाचक मिळाले कसे?” महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणी ना कुणी विचारतंच. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा कालपरवाच ब्लॉग काढलेला असतो आणि थीम कुठली घ्यावी, आठवड्याला किती लेख टाकावेत, हे त्याला हवं असतं. तेही सांगते, पण माझा ब्लॉग त्यातल्या कशानेच वाढला नाही. तो वाढला एका गुंत्यामुळे.

मी शिवणकामावर लिहिते. सुरुवातीला हौसेने ‘माझा आणि सुईदोऱ्याचा प्रवास’ छापाचं लिहिलं. मैत्रिणी ‘छान’ म्हणाल्या आणि पुढचा लेख कुणी उघडला नाही. त्यांचं काय चुकलं? ओळख ना पाळख, माझा प्रवास कोण कशाला वाचेल!

मग एकदा मशीनने छळलं. शिवण वरून सरळसोट, कापड उलटं केलं की खाली दोऱ्याची गुंतवळ. गुंता खाली, म्हणून मी बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रिळ) पुन्हा भरली, ती जिच्यात बसते त्या बॉबिन केसचा स्क्रू पिळला, तेल घातलं. दोन दिवस हेच. दोष वरच होता. प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली ठेवून मी वरचा दोरा ओवत होते. फूट खाली असला की दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्या घट्ट मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही. मग त्याला ताण मिळत नाही आणि सगळा सैल दोरा कापडाखाली जमतो. फूट वर उचलून पुन्हा ओवला आणि मशीन मुकाट चालायला लागलं.

हे सगळं चिडून लिहून काढलं, फोटोंसकट. शीर्षक दिलं ‘गुंता’. त्या शीर्षकावर मी भलतीच खूश होते.

काही महिन्यांनी गूगल सर्च कन्सोल उघडलं. हे फुकट आहे आणि नवख्याने पहिल्याच दिवशी जोडून ठेवावं, कारण पुढे कामाला येते ती त्यात साठलेली माहिती. लोकांनी काय शोधलं तेव्हा तुमचं पान दिसलं ते त्यात कळतं. दिसण्याला इंप्रेशन म्हणतात, उघडण्याला क्लिक. लोक शोधत होते ‘शिलाई मशीन खालचा दोरा गुंततो’. माझं पान त्यांना दिसत होतं, उघडत मात्र कुणी नव्हतं. कसं उघडतील? ‘गुंता’ ही एखादी प्रेमकथाही असू शकते. मी शीर्षक त्यांच्याच शब्दांत केलं, उपाय पहिल्या तीन ओळींत आणला आणि माझी रडकथा खाली ढकलली. ब्लॉगवर अनोळखी माणसं यायला लागली ती तेव्हापासून.

त्याच यादीत पुढचे लेखही मिळाले: सुई सारखी तुटते, टाके सुटतात, जाड कापडावर मशीन अडतं. प्रत्येक लेखातून दुसऱ्याकडे दुवा दिला, कारण दोरा गुंतणाऱ्याची सुईही बहुधा तुटत असते. आजही माझा निम्मा वेळ जुने लेख दुरुस्त करण्यात जातो. नव्या लेखाची हौस मोठी असते हे मान्य, पण शोधणाऱ्याच्या समोर आधीच उभा असलेला लेख सुधारला की फळ लवकर दिसतं.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. वर्डप्रेस, म्हणजे माझा ब्लॉग ज्यावर चालतो ती प्रणाली, शीर्षकावरून लेखाचा पत्ता (URL) आपोआप तयार करतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रासुद्धा, त्या पत्त्यात टक्केचिन्हांसकट 9 अक्षरं खातं आणि वर्डप्रेसची मर्यादा 200 ची आहे. म्हणजे बावीसेक चिन्हांनंतर पत्ता मध्येच तुटतो, आणि तो कुणाला पाठवला की कचऱ्यासारखा दिसतो. मी पत्ता रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचा, प्रकाशित करण्याआधीच हाताने लिहिते.

थीम कुठलीही साधी, मोबाइलवर पटकन उघडणारी घ्या. लेख आठवड्याला एक जमला तर उत्तम, नाही तर पंधरवड्याला. जाहिरातींचं पहिल्या वर्षी डोक्यातही आणू नका. मी आणलं होतं, आकडा बघण्यात लिहायचं राहून गेलं.

एक गोष्ट मात्र मी उशिरा केली: वाचकांचे ईमेल पत्ते घेणं, अर्थात त्यांच्या संमतीने. 2009 मध्ये जिओसिटीज ही लोकांना फुकट पानं देणारी सेवा बंद झाली, 2013 मध्ये आवडत्या ब्लॉगचे नवे लेख एका जागी दाखवणारं गूगल रीडर गेलं. पहिल्याबरोबर कितीतरी जणांची पानं गेली, दुसऱ्याबरोबर वाचकांपर्यंत जायची वाट. म्हणून डोमेनही, म्हणजे ब्लॉगचा इंटरनेटवरचा पत्ता, स्वतःच्या नावावर असू द्या.

परवा एका वाचक ताईंचं पत्र आलं: “फूट वर केला, तरी गुंततोच.” फोटो मागवला, तर बॉबिन उलटी बसवलेली. माझ्या लेखात ती कुठल्या दिशेने फिरायला हवी हे लिहिलेलंच नव्हतं. तेवढा फोटो काढायचा राहिलाय, उजेड आहे तोवर उरकते.