एसजीपीटी उतरलं म्हणून हुश्श करू नका

लिव्हर अचानक निकामी झालेल्या रुग्णाचं एसजीपीटी (इजा झालेल्या लिव्हरच्या पेशींतून रक्तात येणारं एन्झाइम) ४००० वरून ८०० वर आलं की नातेवाईकच काय, नवखे डॉक्टरही सैलावतात. त्याच कागदावर बिलिरुबिन (काविळीचा आकडा) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) चढत असतील, तर ही सुधारणा नव्हे. एन्झाइम सोडायला पेशीच फारशा उरलेल्या नाहीत, असाही त्याचा अर्थ होतो.

खरा काटा आयएनआरचा. रक्त गोठवणारे बहुतेक फॅक्टर लिव्हर बनवतं. त्यातल्या सातव्याचं अर्धायुष्य जेमतेम ४ ते ६ तास, त्यामुळे उत्पादन थांबलं की आयएनआर लगेच बोलतो. आणि नेमका हाच काटा आपण बिघडवतो! रक्तस्राव नाही, कुठली प्रोसीजर ठरलेली नाही, केवळ आकडा बघवत नाही म्हणून प्लाझ्मा (गोठवणारे फॅक्टर असलेला, दात्याच्या रक्तातला द्रव) चढवतात. आयएनआर खाली येतो, लिव्हर होतं तिथेच राहतं आणि पुढचे कित्येक तास अंदाज बांधायला काही हाती उरत नाही. व्हिटॅमिन के मात्र जरूर द्यावं. त्याच्या कमतरतेमुळे आयएनआर जेवढा वाढला असेल, तेवढा भाग त्याने निघून जातो.

ट्रान्सप्लांटची गरज ओळखायचे लंडनच्या किंग्ज कॉलेजचे १९८९ चे निकष आजही वापरात आहेत. पॅरासिटामॉलच्या विषबाधेत, सलाइन पुरेसं देऊनही धमनीतल्या रक्ताचा पीएच ७.३ च्या खाली राहिला, किंवा आयएनआर ६.५ च्या वर, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) ३.४ मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर आणि एन्सेफॅलोपथी (लिव्हर बिघडल्याने मेंदूवर येणारी गुंगी) तिसऱ्या-चौथ्या ग्रेडची, हे तिन्ही २४ तासांत एकत्र आलं, तर ट्रान्सप्लांटविना निभावणं कठीण. इतर कारणांचे निकष वेगळे. त्यातली एक गोष्ट उलटी वाटते: काविळीनंतर आठवडाभराच्या आत शुद्ध हरपलेला रुग्ण, त्याहून सावकाश बिघडलेल्यापेक्षा वाचण्याची शक्यता जास्त.

निकष भरले नाहीत म्हणजे धोका टळला, असं मात्र अजिबात नाही. कित्येक रुग्ण निकषांत न बसताच दगावतात. म्हणून ट्रान्सप्लांट सेंटरला फोन एन्सेफॅलोपथी दिसताच करावा, निकष भरायची वाट पाहू नये.

अमोनियाच्या (लिव्हर निकामी झालं की रक्तात साचणारा पदार्थ) तपासणीचा नमुना धमनीतून घ्यावा, बर्फात ठेवून लगेच लॅबला धाडावा. टेबलावर रेंगाळला की आकडा फुगतो. आणि श्वासाची ट्यूब टाकण्याआधी एन्सेफॅलोपथीची ग्रेड वेळेसकट केसपेपरवर लिहावी, कारण सिडेशन (गुंगीचं औषध) सुरू झाल्यावर ती कुणालाच ठरवता येत नाही.