ब्लेड आलं, पण फ्रेम कुठाय?

आधीच सांगून टाकतो. ट्रॅक्टरला बर्फासाठी पुढचं ब्लेड घ्यायला गेलात तर काउंटरवरच्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारा की या किमतीत माझ्या ट्रॅक्टरला ते बसवायला लागणारं सगळं आलं का. तो हो म्हणाला की पावतीवर लिहून घ्या. मी नाही घेतलं लिहून, म्हणून हे पुराण.

आम्ही अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या दक्षिणेला राहतो. घर रस्त्यापासून बरंच आत, चारशे फूट खडीचा ड्राइव्हवे, शेवटी थोडा चढ. इतकी वर्षं एक पिकअपवाला कॉन्ट्रॅक्टवर येऊन बर्फ काढायचा, पण खडीसकट काढायचा, आणि एप्रिलमध्ये मी दाताळं घेऊन लॉनमधली खडी परत ड्राइव्हवेवर ओढत बसायचो. त्याने काम बंद केलं तेव्हा वाईट वाटण्याऐवजी बरंच वाटलं. त्याच उन्हाळ्यात गवतासाठी छोटा ट्रॅक्टर घेतला होता, पंचवीसच्या आतबाहेर हॉर्सपॉवरचा, फोर व्हील ड्राइव्ह, पुढे लोडर, म्हणजे माती उचलायची बकेट. व्हिडिओ कॉलवर आण्णांना दाखवला तर म्हणाले, "ह्यो टॅक्टर हाय का खेळणं रं?" आमच्याकडे वाळव्याला पन्नासच्या खाली कोणी बोलत नाही.

तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ब्लेड शोधायला लागलो. स्नोब्लोअर लगेच बाद केला, महाग तर आहेच पण खडीवर तो दगड गिळतो आणि गोळीसारखे फेकतो, नैतर शिअर पिन (मशीन वाचावं म्हणून मुद्दाम कच्ची ठेवलेली) तुटते आणि तुम्ही थंडीत हातमोजे काढून नवीन पिन घालत बसता. बॉक्स ब्लेड बाकी कामाला छान, पण त्याला कोन देता येत नाही, डबा भरला की भरला. लोडरच्या बकेटने चारशे फूट साफ करायचं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. राहिलं पुढचं ब्लेड, सीटवरून हायड्रोलिकने डावीउजवीकडे वळणारं. व्हिडिओत माणूस कॉफी पीत पीत चालवतो. मला ते पाहिजे होतं, खरं सांगायचं तर त्या कॉफीसाठीच.

डीलरकडे गेलो, नाव नाही सांगत. काउंटरवरचा माणूस गोड. म्हणाला दोन आठवडे. मी अर्धे पैसे भरले.

तीन आठवड्यांनी क्रेट आलं. ब्लेड त्यातच होतं, चकचकीत. पण ब्लेड ट्रॅक्टरला थेट बसत नाही, आधी ट्रॅक्टरच्या पोटाखाली एक फ्रेम बोल्ट करावी लागते, आणि आलेली फ्रेम माझ्याच मॉडेलची पण जुन्या सालची. भोकं जुळेनात. जमिनीवर पाठीवर पडून टॉर्च तोंडात धरून मी अर्धा तास बघत होतो की माझंच काही चुकतंय का. नव्हतं चुकत, अर्धा इंच फरक होता. फोन केला तर म्हणे सिरीयल नंबर सांगा. अहो, ट्रॅक्टर तुमच्याकडूनच घेतला, नंबर तुमच्याच फाइलमध्ये आहे! तरी सांगितला. म्हणे हां, बरोबर, या नंबरनंतर फ्रेम बदलली, दुसरी मागवतो.

ती बॅकऑर्डरवर, म्हणजे स्टॉकमध्येच नाही. किती दिवस? "सिस्टिममध्ये तारीख दिसत नाही." पुढच्या सोमवारी फोन, ट्रकवर आहे. त्याच्या पुढच्या सोमवारी फोन, कोणता ट्रक? मग एके दिवशी दुसराच माणूस फोनवर आला आणि सहज बोलून गेला की ऑर्डरमध्ये हायड्रोलिक होजेस, म्हणजे तेलाच्या नळ्या, दिसत नाहीत, त्या वेगळ्या घ्याव्या लागतात, आणि त्यांचे वेगळे पैसे. म्हणजे फ्रेम आली असती तरी ब्लेड सीटवरून वळलं नसतं. खाली उतरा, हाताने वळवा. मग कॉफी कुठली प्यायची?

आता इथे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमच्याकडचा बर्फ लेक एरीवरून येतो. तळ्याचं पाणी अजून गरम असतं, वरून गार वारा तळ्याच्या लांबीने वाहत येतो, वाफ उचलतो आणि आमच्या डोक्यावर ओततो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ऑर्चर्ड पार्ककडे एका वादळात ८० इंचांच्या आसपास पडला, बिल्स या आमच्या फुटबॉल टीमची मॅच डेट्रॉइटला न्यावी लागली. एरी इथल्या पाचही मोठ्या तळ्यांत (ग्रेट लेक्स) सगळ्यात उथळ, त्यामुळे एकदा कडक थंडी पडली की गोठतं, आणि गोठलं की हा प्रकार बराच कमी होतो. म्हणजे ब्लेडची खरी गरज नोव्हेंबर-डिसेंबरला. आणि काउंटरवरचा मला शांतपणे सांगतोय, "जानेवारीत नक्की." जानेवारीत तळं गोठणार आणि तुमची फ्रेम येणार!

थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरचा सण) आधी पहिला फुटभर पडला. दोन तास बकेटने काढला, तेवढ्यात काउंटीचा प्लो, म्हणजे रस्त्याचा बर्फ ढकलणारा ट्रक, आला आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी गुडघाभर घट्ट बांध टाकून गेला. (तो उचलून रस्त्यापलीकडे ढकलायचा मोह होतो, करू नका, बेकायदेशीर आहे.) संध्याकाळी आण्णांना हे सगळं रडगाणं सांगितलं. ते दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले, "मागं फळी लाव की. रान सपाट करतोस तसं."

एवढं साधं मला दीड महिना सुचलं नव्हतं. मागची थ्री पॉइंट, म्हणजे अवजारं लावायची तीन टोकांची जोडणी, तर रिकामीच होती.

दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून जुनं पाच फुटी रिअर ब्लेड आणलं, अडीचशे डॉलर, गंजलेलं पण सरळ. घेताना दोन गोष्टी बघितल्या. एक, रुंदी. ब्लेड तिरकं केलं की ते अरुंद होतं, ६० इंची ब्लेड ३० अंशांत वळवलं की जेमतेम ५२ इंच साफ करतं. माझी मागची चाकं बाहेरून ४८ इंच, म्हणून पाच फूट पुरलं. चाकांपेक्षा कमी पडलं तर तुम्ही स्वतःच बर्फ तुडवून त्याचा दगड करता. सहा फुटी जास्त साफ करतं, पण इतक्या लहान ट्रॅक्टरला ते जड होतं. दुसरं, पिना. कॅटेगरी १ (छोट्या ट्रॅक्टरच्या जोडणीचं माप) असेल तर खालच्या पिना ७/८ इंच, टॉप लिंकची, म्हणजे वरच्या दांड्याची, ३/४. माझ्याकडे क्विक हिच (अवजार झटपट अडकवायचा सांगाडा) होती, तिला हे जुनं ब्लेड बसेना, टॉप लिंकचं भोकच भलत्या उंचीवर. काढून टाकली क्विक हिच, हाताने जोडलं, दहा मिनिटं जास्त. खालच्या आर्म्सच्या बाजूच्या चेन ताणून घ्या, नाहीतर ब्लेड शेपटीसारखं हलतं.

खडीसाठी खरी युक्ती त्या म्हाताऱ्यानेच सांगितली. ब्लेड पूर्ण उलटं फिरवायचं, पाठ पुढे करून. मग धार जमिनीत घुसत नाही, वरून घसरत जाते. पहिले एकदोन इंच बर्फ मुद्दाम ठेवायचा, तो चाकाखाली दाबून गोठतो आणि वर काँक्रीटसारखा थर होतो, मग बाकी सीझन खडीला हातच लागत नाही. यंदा एप्रिलमध्ये दाताळं जेमतेम तासभर लागलं.

तोटे आहेत. मान मागे वळवून वळवून दुखते. थ्री पॉइंटला खाली दाब नसतो, ब्लेडचं वजन तेवढाच दाब, त्यामुळे काउंटीवाल्याचा गोठलेला बांध ते कापत नाही, तो बकेटनेच फोडावा लागतो. आणि कडेच्या राशी पहिल्या बर्फापासूनच लांब ढकला, कंटाळा केलात तर डिसेंबरअखेर ड्राइव्हवे गल्ली होतो. चढावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली तेव्हा टायरवर घालायच्या चेन घेतल्या, त्या आधीच घ्यायला हव्या होत्या.

पुढच्या ब्लेडची ऑर्डर रद्द केली. परत घेण्याचा चार्ज लावतो म्हणाले, मी चुकीच्या फ्रेमचा फोटो आणि सगळ्या सोमवारांच्या तारखा काउंटरवर ठेवल्या, मग नाही लावला. मार्चमध्ये तिकडूनच फोन, आनंदाने, "सर, तुमची फ्रेम आली." मी विचारलं, होजेस? त्या यायच्या होत्या.

हां, एक राहिलंच. ड्राइव्हवेच्या कडेला खुणेच्या काठ्या जमीन गोठायच्या आधी ठोका. मी डिसेंबरमध्ये ठोकायला गेलो, तीन मोडल्या, चौथीला ड्रिल आणावं लागलं.