दुसऱ्यांदा क्योटो: आधी परवानग्या, मग विमानाचं तिकीट

पहिल्या जपान दौऱ्यात किंकाकु-जी, फुशिमी इनारीच्या लाल कमानी आणि आराशियामाचं बांबूचं बन होऊन जातं. या जागा ऐनवेळी जाऊनही पाहता येतात. दुसऱ्यांदा जायचं ते जपानी चहाविधी होतो त्या चहाच्या खोल्या आणि त्यांच्या भोवतीच्या बागा, देवळं पाहायला. तिथे मात्र सगळ्यांत सुंदर ते आगाऊ परवानगीशिवाय दिसत नाही. म्हणून या दौऱ्याची आखणी नकाशावरून न करता अर्जांच्या तारखांवरून करावी. विमान आणि हॉटेल त्यानंतर.

महिना ठरवताना चेरी आणि लाल मेपल एवढंच पाहू नका. चहाच्या खोलीत नोव्हेंबर ते एप्रिल जमिनीत बसवलेली चूल, म्हणजे रो, वापरतात. मे ते ऑक्टोबर ती झाकली जाते आणि सुटी शेगडी, फुरो, मांडतात. चूल बदलली की भांड्यांची मांडणी आणि यजमानाची बसायची दिशाही बदलते. पहिला दौरा वसंतात झाला असेल तर दुसरा जूनमध्ये करा. पाऊस असतो हे खरं, पण शेवाळाच्या बागा पाहाव्यात त्या याच दिवसांत.

शेवाळासाठी साईहो-जी हे देऊळ. ऑनलाइन आरक्षण दोन महिने आधी खुलं होतं आणि शुल्क ४,००० येन आहे. बागेत फिरण्याआधी दालनात बसून ब्रशने बौद्ध सूत्र गिरवायचं असतं. ते उरकून टाकायचं काम नव्हे. त्या बसण्यानंतर बाग वेगळी दिसते. हातात निदान दोन तास ठेवा.

कात्सुराचा राजवाडा हे देऊळ नाही, पण चहाच्या घरांसाठी क्योटोत त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. तिथल्या शोकिन-तेई या चहाघरातली निळ्या-पांढऱ्या चौकटींची भिंत पाहिली की ती शेकडो वर्षं जुनी आहे यावर विश्वास बसत नाही. राजघराण्याच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर तीन महिने आधी, महिन्याच्या १ तारखेला जपानी वेळेनुसार पहाटे ५ वाजता अर्ज सुरू होतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो. जूनसाठी अर्ज १ मार्चला. सोमवारी बंद. प्रौढांना १,००० येन, आणि पासपोर्ट जवळ हवाच. फेरी साधारण तासाभराची असते, मार्गदर्शकाच्या मागेच चालावं लागतं, रेंगाळता येत नाही.

ही दोन्ही ठिकाणं शहराच्या पश्चिमेला आहेत. हांक्यू रेल्वेच्या कात्सुरा स्थानकापासून राजवाडा वीस मिनिटं चालत. पुढच्याच कामिकात्सुरा स्थानकापासून साईहो-जीही साधारण तेवढंच. सकाळी एक, दुपारी दुसरं असं एका दिवसात बसतं, मात्र दोन्ही वेळांच्या सुरुवातीत तीन तासांचं अंतर ठेवा. त्या दिवशी तिसरं काही ठेवू नका.

चहाविधीचा गुरू सेन नो रिक्यू याची मानली जाणारी ताई-आन ही दोन तातामींची (गवती चटयांची) खोली ओयामाझाकीच्या म्योकी-आन देवळात आहे. राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेल्या चहाच्या खोल्या जपानमध्ये अवघ्या तीन, त्यांतली ही एक. इथला अर्ज जपानी जोडपोस्टकार्डाने (उत्तरासाठी दुसरं कार्ड जोडलेलं असतं) करतात, त्यामुळे जपानमध्ये राहणारं ओळखीचं कोणी असेल तरच ते सोपं जातं. शिवाय आत पाऊल ठेवता येत नाही, बाहेरूनच डोकवायचं. ते जमलं नाही तर हांक्यूच्या ओयामाझाकी स्थानकाजवळच्या गावच्या इतिहास संग्रहालयात तिची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. जागेचा अंदाज तिथे चांगला येतो. त्या तिनांतली दुसरी खोली, जो-आन, आइची प्रांतातल्या इनुयामाला आहे. नागोयावरून जाणार असाल तर वाट वाकडी करा.

आरक्षणाशिवायच्या जागांत कोदाई-जी हे देऊळ पहिलं. टेकडीवर छत्रीच्या काड्यांसारखं छप्पर असलेलं कासा-तेई आणि शेजारी दुमजली शिगुरे-तेई आहे. छप्पर आतून पाहायचं, त्यामुळे वाकून आत डोकवा. बहुतेक देवळांत शेवटचा प्रवेश साडेचार-पाचलाच संपतो, तेव्हा दुपारचं जेवण लवकर आटपा.

प्रत्यक्ष चहा प्यायला उजीला जा. क्योटोहून जेआरच्या (जपान रेल्वेच्या) जलद गाडीने वीसेक मिनिटं. ब्योदो-इन देवळाजवळच्या ताईहो-आन या नगरपालिकेच्या चहाघरात साध्या पाहुण्यालाही नीट मान मिळतो. तिकीट शेजारच्या पर्यटन कार्यालयात. ब्योदो-इनच्या फिनिक्स दालनात आत जायचं असेल तर पोचल्या पोचल्या त्याचं वेगळं तिकीट घ्या. वेळा ठरलेल्या असतात आणि गर्दीच्या दिवशी लवकर संपतात.

चहाला जाताना अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा, कडेवर घासून वाडग्याला चरा पडतो. अत्तर नको, कारण चहाचा आणि उदाचा वास मारला जातो. स्वच्छ पांढरे मोजे जवळ ठेवा, उन्हाळ्यात अनवाणी पाय तातामीवर चालत नाहीत. मिठाई आधी संपवायची, मग चहा. मिठाई बहुधा घेवड्याच्या सारणाची असते आणि घट्ट करायला समुद्री शेवाळाचा अगर वापरतात, त्यामुळे शाकाहारी माणसाला अडचण नाही. केकसारख्या कासुतेरात मात्र अंडं असतं.

जेवणाची खरी पंचाईत साध्या उपाहारगृहात होते. भाजीच्या सुपातही माशाच्या सुक्या कातळ्यांचा दाशी, म्हणजे पायाचा रस्सा, असतो, आणि ‘मांस नाही ना?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ असंच उत्तर मिळतं. देवळांतलं शोजिन, म्हणजे बौद्ध शाकाहारी जेवण हा खात्रीचा मार्ग. दाशी कोंबू या समुद्री शेवाळाचा आणि शिताके मशरूमचा, कांदा-लसूणही नाही. तेनर्यु-जी देवळातलं शिगेत्सु हे उपाहारगृह दुपारीच चालतं. आधी आरक्षण करून जा.

पुण्याच्या पु. ल. देशपांडे उद्यानात रमणाऱ्यांनी ओकायामासाठी एक दिवस काढावा. त्या उद्यानाला जिच्यावरून रूप दिलं ती कोराकुएन बाग तिथे आहे. क्योटोहून शिंकान्सेन या बुलेट ट्रेनने तासाभराचा प्रवास. बागेतल्या र्युतेन मंडपाच्या मधोमध ओढा वाहतो, तिथे पाय पसरून बसता येतं.

सात दिवसांचा जेआर पास ऑक्टोबर २०२३ पासून ५०,००० येनचा झाला. एवढ्या लहान परिघासाठी तो परवडत नाही, सुटी तिकिटंच काढा. क्योटोत बस-मेट्रोचा एक दिवसाचा पास १,१०० येनला मिळतो. ई-व्हिसा काढला असेल तर विमानतळावर तो फोनवर इंटरनेट चालू असताना उघडूनच दाखवावा लागतो. पीडीएफ, छापील प्रत किंवा स्क्रीनशॉट चालत नाही, म्हणून उतरताक्षणी चालेल असं सिम भारतातूनच घेऊन निघा.