आत्याबाई सहासष्टच्या, तीच अडचण

सहा माणसांच्या घराला आरोग्य विम्याची एकच मोठी पॉलिसी घ्या, असं सांगणारे एजंट इंदुरात पैशाला पासरी आहेत. ऐकायला सोयीचं वाटतं. एक हप्ता, एक तारीख, एक फाइल. पण अशा फॅमिली फ्लोटरचा, म्हणजे सगळ्या घरात मिळून एकच विमा रक्कम असलेल्या पॉलिसीचा, हप्ता ठरतो घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर, आणि आमच्या घरात ते माणूस म्हणजे सासूबाई, वय चौऱ्याहत्तर. त्यांच्यासकट दहा लाखांच्या विम्याचा हप्ता किती येतो ते विचारलं, तर आकडा वाचून ह्यांनी मोबाइल पालथा घातला आणि चहा मागितला.

मी सियागंजात एका किराणा व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिते. गूळ, हळद आणि वेलची एकाच भावाने कोणी तोलत नाही. मग माणसंच एका भावाने का तोलायची? म्हणून मी घराचे तीन भाग केले. सासूबाई एकीकडे, आम्ही दोघं आणि मुलं दुसरीकडे, आणि आत्याबाई तिसरीकडे. आत्याबाई म्हणजे ह्यांची आत्या. लग्न केलं नाही, खासगी शाळेत जन्मभर मराठी शिकवलं, पेन्शन नाही, आणि वय सहासष्ट. खरं डोकं त्यांच्यापायीच चालवावं लागलं.

आधी नोकरीतून काही मिळतंय का ते पाहिलं. ईएसआयसीत, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत असते तर निम्मा प्रश्न सुटला असता, पण तिथे पगाराची मर्यादा महिना २१,००० आहे आणि माझा पगार तिच्या जरा वर. ह्यांचा फोटो स्टुडिओ, म्हणजे तिकडूनही शून्य. ज्यांचा पगार मर्यादेत आहे आणि दुकानात दहा माणसं आहेत, त्यांनी मालकाला जरूर विचारावं. कामगाराचा वाटा पगाराच्या पाऊण टक्का असतो आणि त्यात घरचेही येतात.

सासूबाईंचं काम सगळ्यात स्वस्तात झालं, म्हणजे फुकट. २०२४च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान भारत योजना सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना खुली आहे. उत्पन्न विचारत नाहीत, बीपीएल वगैरे भानगड नाही. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात. कार्डाचं नाव आयुष्मान वय वंदना. घरात सत्तरीपुढचे दोघं असतील तर ५ लाख दोघांत मिळून, एवढं लक्षात ठेवा. खासगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड निघतं. आमच्या शेजारचे काका केंद्र सरकारचे पेन्शनर, त्यांना मात्र सीजीएचएस, म्हणजे केंद्राची कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना, किंवा हे, दोन्हींतलं एक निवडावं लागलं.

वय आधारवरचं धरतात, बाकी कागद लागत नाही. पण सासूबाईंच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर सासऱ्यांचा, आणि तो ते गेल्यावर बंद झालेला. ओटीपी जाणार कुठे? लोकमान्य नगरातल्या एमपी ऑनलाइनवाल्याने, म्हणजे सरकारी कामं ऑनलाइन करून देणाऱ्या दुकानदाराने, अंगठा लावून बघितला. पुसला, परत लावला, दुसरं बोट घेतलं. जन्मभर राखेने भांडी घासलेल्या हातावर रेषा राहतात कुठे. शेवटी त्याने चेहऱ्याचा पर्याय उघडला, फोन समोर धरला आणि म्हणाला, "माताजी, पलकें झपकाओ." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ह्या वयात आता डोळे मारायला लावतोय का हा मेला?" त्याला मराठी कळत होतं. आम्ही सगळेच हसलो, त्या हसण्यात त्यांच्या पापण्या लवल्या आणि मशीनने चेहरा घेतला. कार्ड त्याच दुकानात छापून मिळालं.

कार्ड मिळालं म्हणून कुठल्याही दवाखान्यात जाऊन चालत नाही. योजनेत रुग्णालय असतं, पण त्या रुग्णालयाचे सगळे विभाग असतातच असं नाही. हाडांसाठी आहे, हृदयासाठी नाही, असंही असतं. योजनेच्या वेबसाइटवर जिल्हा आणि विभाग निवडून यादी निघते, नाहीतर १४५५५ वर फोन करून विचारता येतं. आणि हे सगळं भरती झाल्यावरचं आहे. दर महिन्याच्या गोळ्या, चष्मा, डॉक्टरची फी यात बसत नाही. सासूबाईंना वाटलं होतं आता बीपीच्या गोळ्या फुकट. तसं नाही.

आता आम्ही चौघं. सासूबाई बाजूला काढल्याबरोबर हप्ता एकदम जमिनीवर आला. आम्ही ५ लाखांचा साधा फ्लोटर घेतला आणि त्याच्यावर २० लाखांचा सुपर टॉप-अप. वर्षभरातली बिलं मिळून ५ लाखांपुढे गेली की वरचा खर्च टॉप-अप उचलतो. पंचवीस लाखांची एकच पॉलिसी याहून बरीच महाग पडत होती. 'सुपर' हा शब्द सोडू नका. नुसत्या टॉप-अपमध्ये प्रत्येक भरती वेगळी मोजतात. तीन लाखांची दोन बिलं झाली तर एकही ५ लाखांची पायरी ओलांडत नाही आणि टॉप-अप कपाटातच राहतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तोही फायदा झाला. विम्याच्या हप्त्यावरची आयकरातली वजावट (८०डी) मात्र जुन्या करपद्धतीतच मिळते, एजंट हे सांगताना घाई करतात.

ह्यांना साखर आहे, सकाळी एक गोळी. फॉर्म भरताना एजंट म्हणाला, "ताई, एका गोळीचं काय लिहिता, हप्ता वाढेल." मी म्हटलं, लिहा. त्याने पेन खाली ठेवलं. मी त्याच्यासमोर फॉर्म ओढून स्वतः लिहिलं, औषधाच्या नावासकट. हप्ता थोडा वाढला, वाढू दे. क्लेमच्या वेळी जुनी चिठ्ठी निघाली की कंपनी तिथेच धरते. सलग ६० महिने पॉलिसी चालली की कंपनीला जुन्या माहितीवरून हरकत घेता येत नाही, पण फसवणूक केली असेल तर तेव्हाही घेता येते. वहीत खाडाखोड करून बेरीज जुळवणाऱ्यांना मी रोज पाहते, त्यामुळे असले सल्ले मला पचत नाहीत.

स्वस्त पॉलिसी कुठे महाग पडते ते सांगते, कारण हे एजंटने नाही सांगितलं, मलाच कागदावर मांडून कळलं. खोलीभाड्याची मर्यादा. समजा ५ लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीला विम्याच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० मिळतात. तुम्ही १०,००० ची खोली घेतली, पाच दिवस राहिलात. वाटतं, फरक २५,००० चा, देऊन टाकू. तसं होत नाही. खोली निम्मी मंजूर, तर सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हेही निम्मंच मंजूर, कारण मोठ्या खोलीला हे दरही मोठे लागतात असं गृहीत धरलेलं असतं. सर्जन आणि थिएटर मिळून १,२०,००० असतील तर ६०,००० तुमच्या खिशातून. औषधं, तपासण्या, इम्प्लांट यांना ही कात्री लागत नाही, ते ८०,००० पूर्ण मिळाले समजा. अडीच लाखांच्या बिलात ८५,००० तुमचे गेले, आणि विमा तर ५ लाखांचा होता. हे वाचल्यावर आम्ही खोलीभाड्याची अट नसलेली पॉलिसी घेतली. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी भरती होतानाच आपल्या मर्यादेतली खोली मागावी. नातेवाइकांना एसी हवा असेल तर त्यांनी घरी जाऊन बसावं.

पॉलिसीबरोबर माहितीपत्रक येतं, त्यात मर्यादा, वगळलेले आजार, प्रतीक्षा काळ (म्हणजे एखाद्या आजाराला विमा लागू होण्याआधी थांबायचा काळ) थोडक्यात असतं. ते आपल्या भाषेत मागता येतं. पटलं नाही तर ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते.

आणि आत्याबाई. सत्तरीला चार वर्षं कमी, म्हणून वय वंदना नाही. पूर्वी पासष्टनंतर नवी पॉलिसी मिळणं मुश्किल होतं, २०२४च्या एप्रिलपासून ती वयाची अट काढली आहे. मिळते, पण महाग मिळते. त्यांना बीपी आहे. जुन्या आजारांना कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबवू शकते. आता गणित बघा. चारच वर्षांचा पूल बांधायचा आणि त्यातली तीन वर्षं बीपीपासून उद्भवलेल्या आजाराला विमा लागू नाही, तर हप्ता भरायचा कशासाठी? म्हणून त्यांच्यासाठी मी कमी हप्त्याऐवजी कमी प्रतीक्षेची पॉलिसी शोधली. एका वर्षात जुने आजार धरणारी मिळाली, बदल्यात प्रत्येक बिलाचा वीस टक्के भाग आपण भरायचा. आत्याबाई म्हणाल्या, "म्हणजे पाचांतलं एक ऑपरेशन मी करायचं." तो वाटा त्यांच्याच मुदत ठेवीतून वेगळा काढून ठेवला आहे.

ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावं लागतं, असा नियम २०२५च्या जानेवारीत आला. त्यामुळे चार वर्षांचा अंदाज तरी बांधता येतो. सेवा पटली नाही तर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येतं, प्रतीक्षेचा झालेला काळ जमा धरतात, पण अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी गेला पाहिजे. सत्तरी लागल्यावर ही पॉलिसी ठेवायची की सोडायची यावर घरात एकमत नाही. ह्यांचं म्हणणं सोडायची, माझं म्हणणं त्या वेळचा हप्ता बघून ठरवू. आत्याबाईंचं म्हणणं, त्यांना कोणी विचारलेलंच नाही. हेही खरंच आहे.

क्लेम अडला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तिच्या उत्तराची ३० दिवस वाट, आणि मग विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. मध्य प्रदेशचं लोकपाल कार्यालय भोपाळला आहे. फी लागत नाही, वकील लागत नाही, साध्या कागदावर स्वतःच अर्ज करायचा. इंदूरच्या कोणाला तिथपर्यंत जावं लागलं असेल तर मला कळवा. अर्जात काय लिहिलं होतं, ते मला वाचायचं आहे.